जुन्या ट्रेलरवाल्या शिडाच्या बोटीत परत परत पाणी येतंय? आधी ट्रेलरखाली वाकून बघा

बोट पाण्यात घातली की तासाभरात तळाला पाणी. घरी आणायची, वाळवायची, दिसेल त्या भेगेत सिलिकॉन भरायचं, मग एखादी फेरी बरी जाते आणि परत पायाखाली पाणी खेळायला लागतं. जुनी फायबरची, सेंटरबोर्डवाली (म्हणजे तळातनं खाली सोडायचा आणि वर ओढायचा पाता असलेली) बोट ज्यांच्याकडं आहे त्यातल्या बऱ्याच जणांची हीच रडगाथा ऐकतोय मी, आणि आमच्या सोळा फुटी बोटीचंही हेच होतं. गोव्याहून चोर्ला घाटातनं ती वर आणली तेव्हाच तिच्या आत सिलिकॉनचे थरावर थर होते, म्हणजे आधीच्या मालकानंही हेच भोगलेलं.

आता जे सांगणार आहे ते ह्या एका गोष्टीभोवतीच आहे. बोटीत पाणी शिरतंय ते धरणात गेल्यावर, पण भेग रस्त्यावर पडायलीय. जोवर रस्त्यावर तळ हलतोय तोवर आतनं काहीही लावा, ते सुटणारच.

आपल्याकडं हे जास्त का होतं ते सांगतो. समुद्राकाठची बोट एकतर पाण्यातच उभी असते नाहीतर किनाऱ्यावरनं चार पावलं ढकलली की पाण्यात. आपली बोट बेळगावातल्या अंगणात. हिडकल धरणावर जायचं तर हायवेनं हत्तरगीपर्यंत, मग आतल्या रस्त्यानं, आणि सौंदत्तीला रेणुका सागर धरणावर जायचं म्हटलं तर त्याहून लांब. हिडकलची क्षमता ५१ टीएमसी, रेणुका सागरची ३७ टीएमसीच्या वर, भरल्यावर दोन्हीकडं शिडाला पाहिजे तेवढी मोकळी जागा मिळते, त्यामुळं जावंसं वाटणारच की. पण पाण्यात चार तास आणि खड्ड्यातनं, स्पीडब्रेकरवरनं जाता येता मिळून तेवढेच तास, असं ह्या बोटींचं आयुष्य आहे. त्यात सेंटरबोर्डसाठी तळाला मधोमध लांब खाच कापलेली असते, म्हणजे जिथं तळ सगळ्यात मजबूत पाहिजे तिथंच तो फाटलेला. त्या खाचेवर आत पेटी उभी केलेली असते आणि पेटीत लोखंडी पाता लोंबकळतोय. खड्डा आला की पाता एकीकडं, पेटी दुसरीकडं, आणि मधला सांधा दोघांची ओढाताण सोसतोय.

पण लगेच ट्रेलरला हात घालू नका. पाणी नक्की कुठलं हे आधी ठरवा, नाहीतर भलतंच काम करून बसाल. बोट पूर्ण कोरडी करून ताडपत्री न घालता एक चांगला पाऊस खाऊ द्या, बेळगावच्या पावसाला तेवढं सांगावं लागत नाही. अंगणातच डेकखालच्या झाकलेल्या भागात पाणी साचलं तर ते वरनं येतंय, डोलकाठीच्या बुडाशी, शिडाच्या दोऱ्यांच्या कडी जिथं डेकला बोल्टनं बसवल्यात तिथं, नाहीतर झाकणाच्या कडेनं. ते बोल्ट काढून, भोक साफ करून परत सीलंट लावून बसवायचे, त्यात मोठं काही नाही. दुसरं, मागच्या बाजूचा बुडाचा बूच आणि त्याचं वायसर. बूच नीट बसलाय पण वायसर वाळून दगड झालंय हे फार वेळा दिसतं, आणि ते बदलायला दहा रुपयेही लागत नाहीत.

ही दोन्ही बरोबर असली तर मग नीळ घ्या. कपड्याला घालतो तीच नीळ. बोट ट्रेलरवर सपाट उभी करा, बाहेरनं तळ कोरडा पुसून घ्या आणि त्यावर, विशेषतः खाचेच्या दोन्ही कडांना आणि पेटीच्या आतल्या अंगाला हात पोचेल तिथवर, अंगाला लावायची पावडर ब्रशनं फिरवा. आत निळीचं पाणी ओता, पण तीन-चार सेंटिमीटरच्या वर नको, कारण एक चौरस मीटर जागेत चार सेंटिमीटर पाणी म्हणजे चाळीस किलो वजन झालं आणि जुन्या तळाखाली टेकू कमी असेल तर ह्या तपासणीतच नवी भेग पडेल. पाता ज्या पिनवर फिरतो त्या पिनचं भोक पेटीत वर असलं तर तिथवर हे पाणी पोचत नाही, तेवढं भोक ओल्या चिंध्या बांधून वेगळं बघायचं. अर्धा तास थांबा. पाणी आतनं बाहेर जिथनं येतं तिथनंच ते धरणात बाहेरनं आत येतं. पांढऱ्या पावडरवर निळी रेघ उठली की तिथं पेन्सिलनं खूण करा आणि फोटो काढून ठेवा, कारण ग्राइंडर लावल्यावर खूण जाणार आहे.

आमच्या बोटीला निळी रेघ आली ती पेटी आणि तळ यांच्या सांध्याला, पुढच्या कोपऱ्यात, आणि थोडी पिनच्या भोकाशी. जुन्या बोटीत बहुतेक वेळा ह्याच दोन जागा निघतात.

अजून एक बघायचं राहतंय ते म्हणजे वजन. जुन्या बोटीत बाकाखाली, पुढं नाळेत तरंगायसाठी पिवळा फोम भरलेला असतो. तो वर्षानुवर्षं ओल धरतो आणि एकदा पाणी प्यायला की उन्हात ठेवून वाळत नाही, कापून काढावाच लागतो. उसाच्या गाड्या मोजायचा काटा जवळ असला तर हंगाम नसताना विनंती करून बोट ट्रेलरसकट मोजा, मग रिकामा ट्रेलर मोजा. तो काटा थोडंफार इकडं तिकडं दाखवतो पण आपल्याला तेवढं चालतं. मूळ वजनापेक्षा पन्नास-साठ किलो जास्त आलं तर पाणी कुठंतरी कोंडलंय हे पक्कं. आणि हे नुसतं जड होण्यापुरतं नाही, तळाला मोकळं फिरणारं पाणी बोट कलली की कललेल्या बाजूलाच पळतं आणि अजून कलवतं, जोराच्या वाऱ्यात तेच बोट उलटायचं कारण होतं.

आता मुद्द्याची तपासणी. ही मला एका गॅरेजवाल्या काकांनी सांगितली, गाडीच्या चेसीसाठी ते असं करायचे. सांध्यावर, आतल्या बाजूनं, एनसी पुट्टीची (गाडीला रंगाआधी लावतात ती) बोटभर लांब आणि अगदी पातळ पट्टी आडवी मारायची, पेटीवरनं तळावर येईल अशी. अशा चार-पाच पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणी. पातळ पुट्टी वाळली की ठिसूळ होते, तिला वाकणं जमत नाही, तडकते. मग बोट पाण्यात न घालता नुसती ट्रेलरवरनं नेहमीच्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणायची. परत आल्यावर पट्ट्या बघा. पट्टी तडकली असेल तर तिथं तळ आणि पेटी एकमेकांपासनं हलतायत, धरणाचा थेंबही न लागता. आमच्या पुढच्या दोन्ही पट्ट्या तडकलेल्या निघाल्या आणि तिथंच निळी रेघ होती.

पट्ट्या तडकल्या म्हणजे आधी ट्रेलर, मग फायबर. हा क्रम सोडू नका.

ट्रेलरखाली वाका आणि बोटीचं वजन नक्की कशावर बसलंय ते बघा. आपल्याकडचे ट्रेलर बहुतेक वेळा ट्रॉली करणाऱ्या फॅब्रिकेटरकडनं केलेले असतात, त्यांचं वेल्डिंग चांगलंच असतं, पण बोटीला दोन्ही बाजूला कार्पेट लावलेल्या दोन लाकडी फळ्या आणि मधे काहीच नाही असं करून देतात. म्हणजे बोटीचा मधला भाग, पेटी आणि पाता सगळं दोन फळ्यांच्या मधे लोंबकळतं. फळ्या बोटीला कलू देत नाहीत एवढ्यापुरत्याच पाहिजेत. वजन मधल्या कण्यावर, रबरी रोलरवर बसलं पाहिजे, एक रोलर नाळेकडं, एक खाचेच्या पुढं, एक खाचेच्या मागं आणि एक अगदी शेवटी. बोट बसवल्यावर प्रत्येक रोलर हातानं फिरवून बघा, जो सहज फिरतोय त्यावर वजन आलेलंच नाही, त्याला वर घ्या. बोटीच्या आत आडव्या भिंती असतील तर फळ्यांचे टेकू त्यांच्या बरोबर खाली घ्या, नुसत्या पोकळ तळाला टेकू दिला की तिथं खळगा पडतो.

पात्याचंही तसंच. प्रवासात पाता वर ओढून दोरीवर टांगलेला ठेवतात, ते सगळे हिसके पिन आणि पेटी खाते. बोट ट्रेलरवर चढली की खाली आडव्या पाइपवर रबर लावलेला लाकडी ठोकळा बसवायचा आणि पाता हळूच त्यावर टेकवायचा, दोरी नुसती हातभार म्हणून राहू दे. पाता आणि पेटीच्या मधली फट लाकडी पाचर घालून भरली तर पाता आडवा आपटत नाही, ती पाचर पाण्यात जायच्या आधी आठवणीनं काढायची, त्यासाठी तिला लाल रिबन बांधून ठेवा.

आणि पाटे, म्हणजे ट्रेलरच्या एक्सलवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा. ह्याकडं कुणी बघत नाही आणि माझ्या मते निम्मा त्रास इथं आहे. बोट सामानासकट चारशे किलोच्या आत, आणि खाली पाटे टनभर माल घ्यायचे, कारण बाजारात ते पटकन मिळतात. मग पाटे दबतच नाहीत, खड्ड्याचा सगळा दणका सरळ बोटीच्या तळात जातो. बघायची पद्धत सोपी आहे. रिकाम्या ट्रेलरला एक्सल आणि चेसीच्या मधलं अंतर टेपनं मोजा, मग बोट चढवून परत मोजा. फरक बोटाच्या जाडीएवढाही नसेल तर पाटे फार कडक आहेत. पाटेवाल्याकडं जाऊन मधली एक-दोन पानं काढून घ्या, वरचं मुख्य पान आणि त्याच्या खालचं ठेवायचंच, आणि पानांच्या मधे ग्रीस लावायला सांगा. हे काम अनुभवी पाटेवाल्याकडनंच करून घ्या, त्याला बोट आणि ट्रेलरचं पूर्ण वजन सांगून. टायरवर छापलेली हवा पूर्ण लोडची असते, आपल्या वजनाला टायर कंपनीच्या तक्त्यात जेवढी दिलीय तेवढीच भरा. एक्सल पुढंमागं करून हुकावर एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के वजन राहील असं बघा, त्याहून कमी झालं तर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. बांधायचे पट्टे आतल्या आडव्या भिंतीच्या जागेवरनं घ्या आणि कडेला जाड कार्पेट घाला, रॅचेटनं इतकं आवळू नका की बोटीच्या कडा आत येतील.

एवढं झाल्यावर परत पुट्टीच्या पट्ट्या मारून तीच फेरी मारा. पट्ट्या शाबूत राहिल्या की मग फायबरचं काम काढायचं.

फायबरला वेळ फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात करू नका, दमट हवेत एपॉक्सीवर (फायबरचे थर चिकटवायचं रेझिन) मेणचट थर येतो आणि त्यावरचा पुढचा थर नीट धरत नाही. जुनं सिलिकॉन पूर्ण निघालं पाहिजे, पुसून नाही, खरवडून आणि घासून, कारण सिलिकॉनच्या पुसट थरावरही रेझिन चिकटत नाही आणि ॲसिटोननं ते जात नाही, उलट पसरतं. भेग ग्राइंडरनं उघडत जा, फायबर जिथवर पांढरं पडलंय तिथवर, आणि कडेला उतार द्या. उतार साधारण १ ला १२, म्हणजे तळ ३ मिलिमीटर जाड असेल तर भेगेपासनं ३६ मिलिमीटरपर्यंत निमुळतं होत आलं पाहिजे. ॲसिटोन वापरायचंच तर ते सगळं घासून झाल्यावर शेवटी. मास्क, गॉगल, पूर्ण बाह्या, हे नाही म्हणून चालणार नाही, काचेची धूळ फुप्फुसात जाते. पेटीत कुठं प्लाय असेल तर पेचकसानं टोचून बघा, मऊ लागला तर तो बदला, आणि आणताना आयएस ७१० चा मरीन प्लाय आणा.

ओल गेली का हे बघायला घासलेल्या जागेवर पॉलिथिनचा चौकोन चारी बाजूनं टेप लावून चिकटवा आणि एक दिवस ऊन खाऊ द्या. आतनं दव धरलं तर अजून वाळायचंय.

रेझिन एपॉक्सीच घ्या. इथले फायबरवाले जे काम करतात त्यात बहुतेक पॉलिएस्टर असतं, नवीन टाकी ओतायला ते उत्तम, पण जुन्या वाळलेल्या फायबरवर परत धरायला एपॉक्सीची पकड जास्त. दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. पॉलिएस्टरला हार्डनर एक ते दोन टक्के, आणि हवा बघून थोडा कमीजास्त करतात, तीच सवय एपॉक्सीला लावली की काम वाया जातं. एपॉक्सीत हार्डनर हा अर्धा भागीदार आहे, डब्यावर दिलेलं प्रमाण काट्यावर मोजूनच घ्यायचं, जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही, कायमचं चिकट राहतं. दुसरं, बाजारात मिळणारी पांढरी तुटक धाग्याची मॅट एपॉक्सीबरोबर नको, तिचा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो, एपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट कोपऱ्यात वळत नाही. विणलेलं कापड किंवा तिरप्या धाग्याचं बायॲक्सियल घ्या. गोव्यात बोटी दुरुस्त करणाऱ्यांकडं मिळतं. आणि कुणी पॉलिएस्टरच वापरत असेल तर कोबाल्ट (रेझिन लवकर वाळावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर कधीही सरळ एकमेकांत ओतू नका, आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर. ते दोन थेट एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो.

सांध्याचा काटकोन आधी भरायचा. एपॉक्सीत एरोसिल पावडर घालून श्रीखंडाएवढं घट्ट करा आणि गोल चमच्याच्या पाठीनं कोपऱ्यात गोलाई द्या. ते अजून ओलसर चिकट असतानाच वर कापडाच्या तीन पट्ट्या, ५०, ७५ आणि १०० मिलिमीटर रुंद, प्रत्येक आधीच्याला झाकेल अशी. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात डब्यातलं एपॉक्सी बघता बघता तापून उकळतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि पसरट ताटलीत ठेवा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काम करा. पेटीच्या दोन्ही अंगांना सारखंच करायचं, गळती एकाच बाजूला दिसली तरी. एक दिवसानं घासता येतं, पण पाण्यात घालायच्या आधी आठवडा जाऊ द्या. वर रंग पाहिजेच, नुसतं एपॉक्सी उन्हानं खराब होतं, आणि तो रंग पीयूचा (पॉलियुरेथेनचा) घ्या, पॉलिएस्टरचा जेलकोट (बोटीचा वरचा गुळगुळीत रंगीत थर) एपॉक्सीवर नीट वाळत नाही.

पिनचं काम बेळगावच्या उद्यमबागेत झालं. आम्ही जाड पिन करून मागायला गेलो होतो, लेथवाले मामा भोकाकडं बघून म्हणाले, "पिन जाड करून काय होणार, भोकच लांबट झालंय की, बुश घाला." अगदी बरोबर बोलले. भोक मोठं करून घट्ट एपॉक्सीनं भरलं, वाळल्यावर परत पाडलं, आणि पात्यात गनमेटलचा बुश, म्हणजे भोकात बसणारी धातूची नळी, बसवला. पिन एसएस ३१६ ची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची. मॅग्नेट लावून ३०४ की ३१६ ते कळत नाही, त्यामुळं खात्रीच्या ठिकाणाहून रॉड घ्या. दोन्ही बाजूनं रबरी वायसर, त्यावर रुंद स्टीलचं वायसर, आणि आत नायलॉनची रिंग असलेला लॉकनट. नट गळती थांबावी म्हणून आवळत बसू नका, पेटीच्या भिंती आत येतात आणि पाता अडकतो. उन्हाळ्यात धरण उतरलं की खालचे खडक, बुंधे वर येतात, तेव्हा पाता पूर्ण खाली सोडून जोरात जाऊ नका, एक ठोकर लागली की सगळा भार ह्याच पिनवर येतो.

मग काठावर गेल्यावर. रस्त्यानं आलेल्या ट्रेलरच्या चाकाचा हब, म्हणजे बेअरिंग असतं तो मधला भाग, गरम असतो, तो तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधनं पाणी आत ओढून घेते, बेअरिंग गंजायला तिथनं सुरुवात होते. हात लावून हब गार होईपर्यंत थांबा, तेवढ्यात डोलकाठी उभी करून घ्या. पण ती उभी करायच्या आधी मान वर करून तारा बघा, मनापासनं सांगतोय. आपल्या धरणांच्या काठाला शेतीच्या पंपांच्या लाइनी खूप आहेत आणि काही फार खाली लोंबतायत, ॲल्युमिनियमची डोलकाठी तारेला लागली तर माणूस वाचत नाही. तारा असतील तर दुसरी जागा शोधा, आणि उभी केलेली डोलकाठी घेऊन तारेखालनं ट्रेलर हलवू नका. बोट घालायला परवानगी लागते का ते पाटबंधारे खात्याच्या तिथल्या ऑफिसात आधी विचारा, आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात पाहिजे, गाडीत नाही.

घरी आल्यावर हबचं टोपण उघडून ग्रीस बघा. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, नुसतं नवीन ग्रीस वर भरून उपयोग नाही, बेअरिंग काढून रॉकेलनं धुऊन, वाळवून, सील बदलून परत भरा, आणि एक तयार सेट, दोन बेअरिंग, सील, कॉटर पिन, ट्रेलरच्या पेटीत कायम ठेवा. हायवेवर रात्री हब बसला तर जवळचं दुकान सकाळीच उघडतं.